रात्रीच्या ओलिताला अख्खा अल्बम : सध्या तुम्ही काय ऐकत आहात?

जागलीवाला, कळंब तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी.

आमच्या फिडरवर शेतीपंपांना एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळते, त्यामुळे हरभऱ्याचे निम्मे ओलीत रात्रीच करावे लागते. शेजारच्या वावरात सौरपंप बसल्यापासून तो शेतकरी दिवसा पाणी देतो आणि रात्री घरी झोपतो. मी मात्र अजून दहाच्या सुमारास मोटार सुरू करून धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, मचाणावर जाऊन बसतो. तुषार सिंचनाचे पाइप एकदा मांडले की पुढचे तीन तास, एखादे नोझल तुंबले नाही आणि रानडुकरे उतरली नाहीत तर, माणसाला काहीही काम नसते. हे तीन तास मी गेली कित्येक वर्षे गाणी ऐकण्यात घालवीत आलो आहे. मात्र गाणी ऐकणे आणि अल्बम ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या हंगामात कळले, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारतो आहे.

माझ्या मोबाइलच्या मेमरी कार्डात तालुक्याच्या एका दुकानदाराने बारा-तेरा वर्षांपूर्वी शे-दीडशे गाणी भरून दिली होती. त्यात संतूर, बासरी आणि गिटार यांची पाच वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रणे होती. पंडित शिवकुमार शर्मा, पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा तो अल्बम, हे मला पुष्कळ नंतर समजले. मोबाइल ती मुद्रणे रागांच्या नावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वाजवीत असे : अहिर भैरव, भूप, देस, पहाडी आणि सर्वांत शेवटी पिलू. या अल्बमचा शेवट पिलूनेच होतो, अशी माझी इतकी वर्षे पक्की समजूत होती. यंदा पुतण्याने मूळ क्रम शोधून दिला, तेव्हा लक्षात आले की तो अल्बम म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे. एकाच मुद्रणातले अहिर भैरव आणि नट भैरव ही त्याची सकाळ, पिलू ही दुपार, भूप ही संध्याकाळ आणि त्यानंतर देस व पहाडी. मोबाइलने एकट्या पिलूची जागा बदलली होती; परंतु तेवढ्यानेच त्या मेंढपाळाची दुपार रात्र उलटून गेल्यावर येत होती आणि मला त्यात कधीही काही खटकले नव्हते. योग्य क्रमाने ऐकल्यावर पिलू मधे आला आणि त्याच्यापुढचा भूप अचानक थंड, सावलीतला वाटू लागला. सूर तेच होते, वाजवणारे तेच होते. बदलली होती ती फक्त शेजारची चीज.

तेव्हापासून मी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधले काहीही न वगळता ऐकण्याचा नेम केला आहे. सध्या लता मंगेशकर आणि श्रीनिवास खळे यांचा ‘अभंग तुकयाचे’ चालू आहे. त्यातले दोन-तीन अभंग लहानपणापासून पाठ होते; पण ते ज्या सोबत्यांमध्ये बसवलेले आहेत, त्यांच्यासह सलग ऐकताना खळ्यांनी लय किती हळूहळू हलवली आहे ते जाणवते.

आपण सर्वजण सध्या कोणता अल्बम ऐकत आहात, आणि तो अख्खा ऐकण्याने खरोखर काही फरक पडतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मी एकाच कानात इयरफोन घालतो, कारण दुसरा कान मोटारीकडे आणि पायाखालच्या सळसळीकडे ठेवावा लागतो. घोणस आणि मण्यार या दोघी आमच्या धुऱ्यावर नित्याच्या आहेत.

निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

जागलीवाले भाऊ, आपला पिलूचा अनुभव वाचून आनंद झाला. पण एका गोष्टीबद्दल आपल्याला थोडे रागावणेही भाग आहे. आपण मेंढपाळाच्या सकाळचा अहिर भैरव रात्री दहाला ऐकता! अल्बमच्या क्रमाबद्दल इतके काटेकोर असलेल्या माणसाने रागाच्या वेळेबद्दल इतके उदार असावे, याचे नवल वाटते. वेळ पाळली नाही तर राग बिघडतो असे मी म्हणणार नाही, कारण ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला तेवढी सूट घ्यावीच लागते. परंतु ज्यांच्या हातात उघडे आकाश आहे त्यांनी ती सूट घेऊ नये, असे माझे मत आहे. शहरातला श्रोता ट्यूबलाइटखाली बसलेला असतो. आपण वावरात आहात.

मी सध्या ऐकतो आहे तो डॉ. वसंतराव देशपांडे यांचा मारवा. वसंतरावांचा जन्म १९२०चा, आमच्या मूर्तिजापूरचा, त्यामुळे माझ्या बोलण्यात पक्षपात असेल तर तो गृहीत धरावा. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे त्यांचा पाया पक्का झाला आणि पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून त्यांनी मारवा घेतला. या रागात ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र लागतो, तर पंचम मुळीच नाही. त्यामुळे तंबोऱ्याची तारसुद्धा नेहमीसारखी पंचमात मिळवता येत नाही. त्यात भर म्हणजे षड्ज, जो प्रत्येक रागात आपले घर असतो, त्यावर गायक टेकतच नाही. धैवत आणि ऋषभ यांच्यामध्ये घिरट्या घालत राहतो आणि ऐकणाऱ्याला घर समोर दिसत असूनही दार सापडत नाही. सूर्य मावळताना मनाला जी विनाकारण हुरहूर लागते, ती या रागाच्या बांधणीतच आहे. वसंतराव ती हुरहूर गोंजारत नाहीत; तिच्यावर तुटून पडतात. त्यांची तान कोठे वळणार याचा अंदाज बांधावा आणि दर वेळी तो चुकावा, असे माझे गेले पंधरा दिवस चालले आहे.

आपल्याला सुचवतो ते असे. दिवेलागणीच्या आधी, कापूस वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन परत निघतात त्या वेळी, वावराकडे जाताना मारवा लावा. रात्री दहाला लावू नका. तोपर्यंत त्याची वेळ टळलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी अल्बमशी नव्हे तर गावाशी संबंधित आहे. ‘कुणी जाल का’ हे वसंतरावांनी गायलेले, यशवंत देवांनी स्वरबद्ध केलेले गीत ज्या कवी अनिलांचे, त्यांचाही जन्म मूर्तिजापूरचाच, १९०१चा. कवी आणि गायक एकाच लहानशा गावात एकोणीस वर्षांच्या अंतराने जन्मले आणि एका गाण्यात भेटले. गावात शकुंतला रेल्वे धावत होती तोवर बाहेरचे लोक आम्हाला त्या गाडीमुळे ओळखत. ती थांबल्यावर आता या दोघांचीच नावे सांगावी लागतात.

खंजिरीवाला, तिवसा तालुका, जि. अमरावती

गुरुजींच्या ज्ञानापुढे मी लहान आहे, तरी माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. अल्बमचा क्रम हा कंपनीने ठरवलेला असतो. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात, म्हणून अमुक गाणी इकडे आणि तमुक तिकडे; त्यात दर वेळी काही गूढ अर्थ असतोच असे नाही. जागलीवाले भाऊंच्या अल्बममध्ये दिवसाची कथा होती म्हणून क्रमाला अर्थ आला. सगळ्याच अल्बमांना तो अर्थ चिकटवू नये.

खरा क्रम मी आमच्या भजनात पाहिला आहे. आधी विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, मग इतर अभंग, रात्र चढली की गौळण, आणि उठायच्या वेळी भैरवी. तो कोणत्याही वेष्टनावर छापलेला नाही. पण एखाद्याने सुरुवातीलाच भैरवी उचलली तर मृदंगावर बसलेला माणूस हात थांबवून त्याच्याकडे नुसता पाहतो, आणि तेवढे पुरते. हा क्रम ऐकणाऱ्यासाठी नाही, गाणाऱ्यासाठी आहे. गळा तापण्याला, टाळकऱ्यांचे हात एका लयीत येण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो देतो.

आमचे मंडळ वंदनीय तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले, त्यामुळे खंजिरी हे आमचे मुख्य वाद्य. महाराजांच्या भजनांची जी मुद्रणे बाजारात मिळतात, त्यांत खंजिरीचा नुसता छणछणाट येतो; चामड्यावरच्या बोटांचा जो घुमारा प्रत्यक्षात छातीला लागतो, तो मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. हजारो माणसांच्या त्या गर्दीत भजन थांबते आणि एक शब्दही ऐकू येत नाही. ते मौनही त्या दिवसाच्या संगीताचाच भाग आहे, असे मी मानतो. ते कोणत्या अल्बमात बसवणार?

आता ‘अभंग तुकयाचे’बद्दल. मुलीने लावले म्हणून मीही ते नुकतेच पूर्ण ऐकले. चाली सुंदर आहेत याबद्दल वाद नाही. परंतु त्या एका कंठासाठी बांधलेल्या आहेत, मंडळासाठी नाहीत. आम्ही ‘भेटीलागी जीवा’ खळ्यांच्या चालीत म्हणण्याचा प्रयत्न मागच्या सप्ताहात केला. पहिली ओळ सर्वांनी मिळून घेतली, दुसऱ्या ओळीला सहा जण उरले आणि अंतऱ्याला पेटीवाला एकटा. शेवटी जुन्या चालीवर आलो, तेव्हा कोठे मंडप पुन्हा गाऊ लागला. तुकोबांचा अभंग ऐकून डोळे मिटावेत की टाळ उचलावा, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवावा. मी टाळ उचलणाऱ्यांपैकी आहे.

तरीही एक कबूल करतो. रात्री घरी परतल्यावर तोच अल्बम मी पुन्हा लावला होता.

आरोग्यसेविका, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

मी संगीत शिकलेली नाही, त्यामुळे रागांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. फक्त काय ऐकते आणि का ऐकते एवढे सांगते. गेले चार महिने मी पंडित कुमार गंधर्व यांच्या निर्गुणी भजनांशिवाय जवळजवळ काहीच ऐकलेले नाही.

माझ्या कामाचा मोठा भाग क्षयरोगाच्या रुग्णांचा आहे. थुंकीचे नमुने गोळा करणे, गोळ्या पोहोचवणे, आणि मुख्य म्हणजे त्या गोळ्या सहा महिने न चुकता घेतल्या जात आहेत ना, याची खात्री करणे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणसाला बरे वाटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी तो औषध सोडतो. आमची सगळी धडपड त्या वळणावर असते. अशाच एका फेरीत वाहनात कोणीतरी कुमारजींचे भजन लावले होते आणि त्यांनाही क्षय झाला होता, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. स्वातंत्र्याच्या सुमारास, वयाच्या पंचविशीच्याही आत, भरात आलेला हा गायक आजारी पडला. कोरड्या हवेसाठी तो माळव्यात देवासला जाऊन राहिला आणि पाच-सहा वर्षे त्याला गाण्याची मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच काळात हाती येऊ लागले होते, म्हणून कुमारजी वाचले. परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले.

मी हे ऐकल्यापासून त्यांचा श्वासच ऐकत असते. सूर एकदम वर उसळतो, क्षणभर तेथे राहतो आणि तुटतो. मग एक पोकळी, आणि त्या पोकळीतून पुढचा शब्द. जाणकार सांगतात की त्यांच्या गाण्यातला हा तुटकपणा केवळ आजारामुळे आलेला नाही, ती त्यांनी विचारपूर्वक घडवलेली शैली आहे, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच असेल. पण मी रोज अशी माणसे पाहते, ज्यांना घराच्या ओट्यावरून हातपंपापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते. श्वास मोजून खर्च करावा लागतो तेव्हा माणूस प्रत्येक शब्द निवडून बोलतो. ‘उड जायेगा हंस अकेला’ ऐकताना मला शैली दिसत नाही, ती निवड दिसते.

अंथरुणावर पडल्यापडल्या बाहेरून जाणाऱ्या लोकांची माळवी गाणी, नाथपंथी गायकांची भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली, आणि पुढे त्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना धुनउगम राग म्हणतात. आमच्या भागात सणाच्या रात्री गावातून रेलाची, म्हणजे आदिवासींच्या समूहनृत्याची, गाणी चाललेली असतात. मुक्कामाच्या वेळी मीही ती खाटेवरून ऐकलेली आहेत. एक ओळ इकडचा गट म्हणतो, तीच तिकडचा, आणि तासन् तास तेवढेच. सुरुवातीला मला ते एकसुरी वाटत असे. कुमारजी ऐकू लागल्यापासून वाटत नाही.

जागलीवाले दादा, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : ही भजने मी क्रमाने ऐकत नाही. एकच भजन दोन-तीनदा ऐकते आणि थांबते. सलग पाच ऐकवत नाहीत. आणि एका कानाने ऐकण्याची सवय अजिबात सोडू नका. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालयात जायचे, एवढे माझ्या नोकरीमुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गझलवेडा, मोर्शी तालुका, जि. अमरावती

क्रमाच्या या चर्चेत गझलेचे उदाहरण कोणी कसे दिले नाही? गझलेत प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते. मतल्याने, म्हणजे पहिल्या शेराने, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तोच येणारा शब्द) ठरवून दिले की पुढचे शेर फक्त त्या नियमाने बांधलेले. अर्थाने एकमेकांचे कोणीही नाहीत. गायक शेर गाळतो, मागेपुढे करतो, आणि तरी गझल शाबूत राहते. जेथे एका रचनेच्या आतच क्रमाची सक्ती नाही, तेथे दहा रचनांच्या अल्बमला ती कोठून येणार?

मी सध्या भीमराव पांचाळे ऐकतो. ते आमच्याच भागातले, आष्टगावचे. इलाही जमादारांची ‘अंदाज आरशाचा’ ही गझल त्यांच्या आवाजात ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. पहिली ओळ ते इतक्या वेळा, इतक्या निरनिराळ्या प्रकारे म्हणतात की ऐकणारा दुसऱ्या ओळीचा अंदाज बांधू लागतो. मग ती ओळ येते आणि अंदाज चुकतो. गुरुजींनी वसंतरावांच्या तानेबद्दल जे लिहिले तेच येथे शब्दांच्या बाबतीत घडते. अमरावतीने सुरेश भटांच्या रूपाने मराठी गझलेला तिचे व्याकरण दिले, आणि ती मैफिलीत बसून ऐकायची कशी, हे पांचाळ्यांनी शिकवले, असे मी म्हणेन. यात अतिशयोक्ती वाटली तर जिल्ह्याचा अभिमान समजून सोडून द्यावी.

ऑर्गनवाला, वडसा परिसर, जि. गडचिरोली

सध्या झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्याकडच्या नाटकांचा, हंगाम चालू असल्यामुळे मी काहीही ऐकत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की रोज नवे गाव, रात्री नाटक, पहाटे परतीचा प्रवास आणि दुपारी झोप. कानाला विश्रांती हेच संगीत. क्रमाबद्दल म्हणाल तर आमच्याकडे प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला की मृत्युशय्येवर पडलेले पात्रसुद्धा उठून पुन्हा गाते.

परंतु एक व्यावहारिक सूचना करतो, जी येथे कोणी केलेली नाही. भाऊ, आपले मचाण डीपीपासून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, किती अंतरावर आहे? आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते आणि ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट त्याच्या दुप्पट, म्हणजे शंभर आवर्तनांचा. पेटीवर तो सूर पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर येतो. पट्टीतही नाही आणि दोन पट्ट्यांच्या मधोमधही नाही. आपल्या मोकळ्या कानात रात्रभर हा बेसूर तंबोरा वाजत असतो आणि इयरफोनमधला गायक दुसऱ्याच षड्जावर गात असतो. मंडपाजवळ डीपी असेल तर मी ऑर्गन घेऊन उलट्या बाजूला बसतो. आपणही तसेच करून पाहावे. मारवा ऐकणार असाल तर विशेषच. त्या रागात षड्ज आधीच लपलेला असतो, त्यात डीपीने स्वतःचा षड्ज पुढे केला तर ऐकणाऱ्याने जायचे कोठे?

मेहकरवासी, जि. बुलढाणा

माझे ऐकणे फारच मागे गेलेले आहे, त्यामुळे अल्बम हा शब्द मला लागू पडतो की नाही कोणास ठाऊक. मी ध्वनिमुद्रिकांच्या काळातली भावगीते ऐकतो आहे, जेव्हा एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे एवढीच जागा असे आणि कवीची कडवी त्या मापाने गाळावी लागत. आमच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांनी तीसच्या दशकात ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळ जण तेथून मानतात. वकिली करणाऱ्या कवीची एक रानातली शीळ अशी घराघरांत गेली.

येथे लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. हेच जी. एन. जोशी पुढे ध्वनिमुद्रण कंपनीत काम करू लागले आणि मोठमोठ्या कलावंतांची मुद्रणे त्यांनी करवून घेतली. जागलीवाले भाऊंचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बमही त्यांनीच निर्माण केलेला आहे. तीन मिनिटांत शीळ बसवणाऱ्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांनी मेंढपाळाचा अख्खा दिवस तबकडीच्या दोन बाजूंवर बसवला. खंजिरीवाले भाऊ म्हणतात की क्रम कंपनी ठरवते, ते खरे आहे. पण त्या वेळी कंपनीत बसलेला माणूस स्वतः गाणारा होता, एवढे त्यांच्या विधानाला जोडून ठेवावे.

जागलीवाला, कळंब तालुका, जि. यवतमाळ

आपल्या सर्वांचे आभार. मधला दिवसपाळीचा आठवडा जाऊ दिला आणि कालच रात्रपाळीचा आठवडा संपला, म्हणून आता सविस्तर लिहितो.

गुरुजी, आपल्या सांगण्याप्रमाणे तीन दिवस संध्याकाळी वावराकडे जाताना मारवा ऐकला. पहिल्या दिवशी बैलगाडी समोरून आली आणि राहून गेला, दुसऱ्या दिवशी मजुरांचा हिशेब निघाला. तिसऱ्या दिवशी मात्र पूर्ण ऐकायला मिळाला. आपण घराचे दार म्हणालात ते मला कळले नाही. मला वाटले की कोणीतरी हाक मारायला तोंड उघडले आहे आणि हाक मारतच नाही. वसंतराव शेवटी षड्जावर आले तेव्हा मी वाटेत थांबलो होतो, हे नंतर लक्षात आले. अहिर भैरव रात्री ऐकण्याबद्दलची आपली नाराजी मान्य आहे, पण पहाटे मोटार बंद करून घरी परतताना डोळ्यांवर झोप असते. त्या वेळी मेंढपाळाला उठवण्याचे बळ माझ्यात नसते.

ताई, कुमारजींची दोन भजने ऐकली आणि आपण म्हणता तसे तिसरे ऐकवले नाही. मुक्कामाच्या गावात रेलाची गाणी ऐकण्याची इच्छा आहे. हंगाम संपल्यावर कधी जमल्यास कळवीन. सर्पदंशाबद्दलची सूचना घरच्यांनाही वाचून दाखवली.

ऑर्गनवाले भाऊ, माझे मचाण डीपीपासून चाळीस पावलांवर आहे. आपण लिहिण्यापूर्वी तो आवाज मला कधीही ऐकू आला नव्हता, आणि आता तो जाता जात नाही. मचाण हलवणे शक्य नाही, कारण डुकरे त्याच बाजूने येतात; म्हणून पाइप मांडून झाल्यावर मी विहिरीपलीकडच्या निंबाखाली जाऊन बसतो. तेथे डीपी ऐकू येत नाही, मोटार मात्र ऐकू येते. ती बंद पडली तर कळावे, एवढ्यासाठी तिचा सूर चालवून घेतो.

खंजिरीवाले भाऊ, आपल्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. आपण तो अल्बम त्या रात्री पुन्हा का लावलात, हे आपण लिहिलेच नाही.

मेहकरच्या भाऊंनी जी. एन. जोशींची माहिती दिल्यावर मी पुतण्याकडून मेमरी कार्डातल्या फाइलींच्या नावांपुढे आकडे घालून घेतले. पिलू आता दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि कायमचा तेथेच राहील. मात्र पहाडी संपून शांतता झाली की माझा कान अजूनही पिलूची वाट पाहतो. आणि काल रात्री, पाइप हलवायला अजून दहा मिनिटे होती तेव्हा, मी तो पुन्हा शेवटी लावला.